दोन बोटांनी उचलायचं फाटक

आमच्या ट्रेलरच्या मागच्या फाटकाचं वजन छपन्न किलो आहे. हा आकडा ऐकीव नाही. ट्रेलर घरी आला तेव्हा फाटक सुटं होतं, आणि शेजारच्या दंतवैद्यांनी आणि मी मिळून ते न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आडवं ठेवलं होतं. ठेवल्यावर लक्षात आलं की काट्याचा आकडा फाटकाखाली गेला. तो वाचायला मी फरशीवर पालथा पडलो, गाल जमिनीला लावला आणि विजेरीच्या उजेडात आत डोकावलो. विमा कंपनीत बावीस वर्षं अपघातांच्या दाव्यांचे अर्ज तपासणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुढच्या तीन महिन्यांत जे जे घडलं त्या मानाने ही सुरुवात बरीच सभ्य होती.

हे फाटक दुहेरी कामाचं. लोखंडी जाळीची ती मोठी चौकट उभी केली की ट्रेलरची मागची भिंत होते, आणि खाली पाडली की जमिनीवरून ट्रेलरमध्ये चढायचा रॅम्प होतो. त्या रॅम्पवरून चढायची होती माझ्या सासऱ्यांची बॅटरीवर चालणारी तीनचाकी. सासऱ्यांना आमच्या घरात सगळे दादा म्हणतात. दादा एका मोठ्या कारखान्यात छत्तीस वर्षं फोरमन होते. गुडघे संपावर गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात, घरात काठी घेऊन चार पावलं चालतात आणि बाहेर या तीनचाकीवरून फिरतात. दर रविवारी सकाळी शहराबाहेरच्या तळ्यावर त्यांच्या कारखान्यातली जुनी सात मंडळी जमतात आणि स्वतः बनवलेल्या छोट्या बोटी पाण्यात सोडतात. सगळे सत्तरीच्या पुढचे. एकेकाने आयुष्यभर मोठमोठी यंत्रं हलवलेली, आणि आता वीतभर लांबीच्या पत्र्याच्या बोटीतलं इंजिन अर्धा मिनिट जास्त चालावं म्हणून आठवडाभर डोकं खाजवतात.

तीन रविवार सगळं छान चाललं. मी गाडी चालवायचो, बायको आणि मी मिळून फाटक उचलायचो. चौथ्या रविवारी मला ऑफिसात जावं लागलं आणि बायकोने ते एकटीने उचललं. तिच्या पाठीत उसण भरली. दोन दिवस ती जिना आडवी चढत होती.  पुढच्या रविवारी दादांनी जाहीर केलं की त्यांना बोटींचा कंटाळा आला आहे. त्यांच्या टेबलावर पत्र्याची अर्धी झालेली बोट होती. तिच्यावर त्यांनी हातरुमाल टाकला.

आठ रविवारांनी तळ्यावर वर्षातली मोठी शर्यत होती. बायकोने त्या रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याला अशा नजरेचा अर्थ विचारावा लागत नाही. मी म्हणालो, मी करतो काहीतरी. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा वापरलेलं नाही, आणि आता तर अजिबात वापरत नाही.

शोध घेतल्यावर कळलं की अशा फाटकांना मदतीची स्प्रिंग बसवता येते. खोकं आलं. त्यात दोन लांब नळ्या, प्रत्येक नळीत एक स्प्रिंग, आणि प्रत्येक स्प्रिंगच्या टोकाला पोलादी तार. नळ्या ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर बसवायच्या आणि तारा फाटकाला जोडायच्या. फाटक खाली जाताना तारा स्प्रिंगना ताणतात, आणि उचलताना त्याच स्प्रिंग आपल्या बाजूने ओढतात. तत्त्व इतकं सरळ होतं की ते वाचून मला स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. सोबतच्या कागदावर एका हसऱ्या माणसाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: एक माणूस, अडीच तास. त्या माणसाला शेजारी नसावेत.

पहिल्या रविवारी मी गल्लीत ट्रेलर उभा केला, जुनी पँट चढवली आणि कामाला लागलो. दादा व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसले. मी नळीच्या पट्ट्या कठड्यावर धरून खुणा केल्या, भोकं पाडली, बोल्ट बसवले. मधूनमधून त्यांच्याकडे बघत होतो. छत्तीस वर्षांच्या फोरमनसमोर पाना धरणं म्हणजे गवयासमोर गुणगुणण्यासारखं असतं. ते वर्तमानपत्रावरून एकदा माझ्या हातांकडे बघायचे, "हं" म्हणायचे आणि पान उलटायचे. या "हं"चा अर्थ "वा" असाही होऊ शकतो, असं मी स्वतःला समजावलं.

तेवढ्यात दंतवैद्य आले. हे आमच्या उजवीकडच्या घरात राहतात. गल्लीत कोणी हातात हत्यार घेतलं की त्यांना घरात बसवत नाही. मी तारा आवळायला घेतल्या तसं त्यांनी माझा हात धरला. दात सरळ करताना आपण तार एकदम आवळतो का, असं त्यांनी मला विचारलं. मी आवळत नाही, हे मी कबूल केलं. तार दर महिन्याला थोडी थोडी आवळायची असते, घाई केली तर हिरडी दुखावते, असं ते म्हणाले. त्यांच्या हिशेबाने आमचं फाटक दीड वर्षात तयार झालं असतं. तरी मी त्यांच्या शब्दाला मान देऊन तारा हलक्या हाताने लावल्या आणि फाटक सोडलं. ते पूर्वीसारखंच धाडकन खाली आलं. फरक इतकाच की आता ते पडताना दोन्ही बाजूंच्या नळ्या खुळखुळल्या. व्हरांड्यातून पान उलटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या रविवारी मी ठरवलं की आता भीडभाड नाही. फाटक जमिनीवर आडवं असतानाच मी तारा ताणायचे दोन्हीकडचे नट आवळायला सुरुवात केली. कागदावर काहीतरी वेगळं लिहिलं होतं, पण कागद वाऱ्याने ट्रेलरखाली गेला होता, आणि मी एकदा जमिनीला गाल लावलेला माणूस होतो, पुन्हा लावणार नव्हतो. शिवाय तारेची कडी फाटकाला जितकी वर अडकवावी तितका जोर जास्त, हा शोध मी स्वतः लावला आणि दोन्ही कड्या वर सरकवल्या. डावी तिसऱ्या भोकात गेली, उजवी चौथ्यात. एका भोकाने काय होतंय, असं मला वाटलं.

फाटक उठलं. खरं सांगायचं तर मी उचलण्याआधीच उठलं. त्यावर माझा पाय होता तो मी वेळेवर काढला. फाटक सरळ उभं राहिलं, ट्रेलरला थडकलं आणि थरथरत राहिलं. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली. मी तिला म्हणालो, बघ, हातसुद्धा लावावा लागत नाही. मग ते खाली करून दाखवायला गेलो.

ते खाली येईना. मी ओढलं, लोंबकळलो, दोन्ही पाय ट्रेलरला टेकवून मागे रेललो. फाटक हातभर आलं आणि मला घेऊन परत वर गेलं. बायको ओठ चावत आत गेली. पाणी उकळतंय असं काहीतरी म्हणाली, पण स्वयंपाकघरातून जो आवाज आला तो पाण्याचा नव्हता.

दंतवैद्यांना राहवलं नाही. आम्ही दोघांनी मिळून फाटक खाली ओढलं आणि ते त्याच्या टोकावर उभे राहिले. दंतवैद्यांचं वजन भरपूर आहे, त्यामुळे फाटक शांत पडून राहिलं. अडचण ही होती की आता ते उतरू शकत नव्हते. मी पाना शोधत असताना त्यांच्या दवाखान्यातून फोन आला आणि ते सवयीने निघाले. एक पाय जमिनीवर पडला, दुसरा फाटकावर असतानाच फाटक उठलं. ते स्वतः वाचले. त्यांच्या उजव्या पायातली चप्पल मात्र उंच गेली, ट्रेलर ओलांडून आमच्या गाडीवरून पलीकडे, समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पडली.

त्या गॅलरीत व्हायोलिनच्या बाई राहतात. म्हणजे राहतात घरात, पण शिकवतात गॅलरीत. धडा चालू असताना चप्पल आली तर कोणीही रागावलं असतं. बाई चप्पल हातात घेऊन खाली आल्या त्या मात्र उत्सुक चेहऱ्याने. त्यांनी आवाज ऐकला होता. दोन तारांचा. त्यांनी डावी तार बोटाने छेडली, मग उजवी छेडली आणि डोळे मिटून घेतले. डावी वरच्या पट्टीत बोलते आहे आणि उजवी जवळजवळ घोरते आहे, असं त्यांनी मला सांगितलं. अशी दोन वाद्यं एकत्र वाजवली तर ऐकणाऱ्याला त्रास होतो, तुमच्या फाटकाला होत असेलच.

हा सल्ला खरं म्हणजे सगळ्यांत शहाणपणाचा होता. तिसऱ्या रविवारची अख्खी सकाळ मी नट फिरवला आणि बाईंनी तारा छेडल्या. थोडी वर घ्या, थोडी उतरवा, आता नाकातून येतोय, असं करत दुपारपर्यंत दोन्ही तारा एकाच सुरात आल्या. दंतवैद्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. फक्त सूर जुळवताना बाईंनी मला दर वेळी वरच्या सुराकडे नेलं होतं. त्यामुळे फाटक आता दोन्ही बाजूंनी अगदी एकदिलाने खाली यायला नकार देत होतं.

याच सुमारास मला कायद्याची आठवण झाली. विमा कंपनीत काम करून मला एक खोड लागली आहे. वाहनात बदल केला आणि नोंद केली नाही, या एका कारणावरून मी स्वतः कितीतरी अर्ज परत पाठवले आहेत. मी वाहन नोंदणीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी माझा अर्ज वाचला आणि विचारलं की स्प्रिंग वजन उचलते का. मी म्हणालो, उचलते. मग ही उचलण्याची यंत्रणा झाली, त्यांनी सांगितलं, आणि उचलण्याच्या यंत्रणेला आधी वरच्या मजल्यावरच्या विभागाचा दाखला लागतो. वरच्या मजल्यावरचा विभाग इमारतींमधल्या लिफ्टना दाखले देणारा निघाला. त्यांच्याकडे एकच नमुन्याचा अर्ज होता. त्यात पहिला रकाना होता मजल्यांची संख्या. मी बराच विचार करून "अर्धा" लिहिलं. पुढचा रकाना: एका वेळी किती माणसं. मी लिहिलं, "माणसं नाहीत, सासरे." हे चुकीचं आहे हे मला ऑफिसात परतल्यावर उमगलं. पण तोपर्यंत अर्ज शिक्का बसून पुढे गेला होता.

पाचव्या आठवड्यात तपासणीला त्या विभागाचे साहेब आले. सडपातळ, गंभीर, हातात फायलींची चळत. त्यांनी फाटकाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि उघडायला सांगितलं. मी दंतवैद्यांना हाक मारली. साहेबांनी विचारलं, ते कोण. मी म्हणालो, ते उघडण्याच्या पद्धतीचा भाग आहेत. साहेबांनी ते लिहून घेतलं. दंतवैद्य सकाळच्या रुग्णांत अडकले होते, त्यामुळे मी एकटाच लोंबकळलो. साहेबांनी ते थोडा वेळ बघितलं आणि शेरा लिहिला. शेरा माझ्याकडे अजून आहे. "सदर फाटक उघडत नाही. जे उघडत नाही त्यास फाटक म्हणता येत नाही. नियमानुसार ती भिंत आहे. भिंतीस स्प्रिंग असण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे."

एवढ्या वर्षांत मी लोकांच्या अर्जांवर शेरे मारले. माझ्यावर कोणी मारला नव्हता. त्या संध्याकाळी मी तो शेरा ताटाशेजारी ठेवूनच जेवलो. बायकोने ट्रेलर परत करायचा का, असं हळूच विचारलं. मी म्हणालो, नाही. दादांनी माझ्या ताटात न विचारता भात वाढला.

सहाव्या रविवारी मी नट थोडे सैल केले. आता फाटक निदान एका माणसाच्या जोराने खाली येत होतं आणि एक विटांचा ढीग ठेवला की खाली राहत होतं. आता दादांची तीनचाकी चढवून बघू, असं मला वाटलं. मी गाडी रिकामीच ढकलत वर नेणार होतो. दादा म्हणाले, मीच नेतो. दादा तीनचाकीवर बसून रॅम्पवर आले तशा मी विटा काढल्या, आणि ते झोकात चढून ट्रेलरमध्ये गेले. त्यांची मागची चाकं रॅम्पवरून आत गेली, आणि फाटकावरचं वजन गेलं.

फाटक त्यांच्या मागे उभं राहिलं. ते बंद ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कड्या खटकन बसल्या. मी दहा दिवसांपूर्वी त्या कड्या आपोआप बसतील अशा करून घेतल्या होत्या, आणि त्या एका गोष्टीचा मला अभिमान होता.

बसल्या त्या सुटेनात. फाटक थोडं पिळलं गेलं होतं आणि उजवी कडी त्या पिळात घट्ट अडकली होती. मी हातोडी घेतली तर बायको ओरडली की आत माझे वडील आहेत. दंतवैद्य धावत आले, आणि लांब दांडीचा छोटा आरसा घालून त्यांनी कडीची मागची बाजू तपासली. सूज नाही म्हणाले. व्हायोलिनच्या बाई गॅलरीतून विचारपूस करत होत्या. दादांनी आतून त्यांना वर बघून सांगितलं की थांबवू नका, काल वाजवत होतात ते चांगलं होतं. बाई खूश होऊन वाजवायला लागल्या. मग दादांनी चष्मा आणि वर्तमानपत्र मागितलं, ते आम्ही गुंडाळी करून जाळीतून आत सरकवलं. कठड्यावरून हात पोचेना आणि चहाचा कप जाळीतून जाईना, म्हणून बायकोने चहा गार करून त्यात नळी घातली आणि कप बाहेरून धरून उभी राहिली. गल्लीतून जाणारी माणसं थांबून बघत होती. दादा जाळीमागे तीनचाकीवर ताठ बसून चहा पीत होते, आणि त्या सगळ्या गर्दीत सगळ्यांत आरामात तेच दिसत होते.

पाऊण तास झाला. दंतवैद्य वेल्डरला आणायला गेले. बायको कप ठेवायला आत गेली. मी बादली पालथी घातली आणि जाळीला टेकून बसलो. माझ्या दोन्ही हातांना ग्रीस होतं, एका बोटाला पट्टी होती, आणि खिशात भिंतीचा शेरा होता. 

"दादा," मी म्हणालो, "काय चुकतंय?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. नीट, चार पदरी.

"कुठून सांगू?"

"पहिल्यापासून."

"आधी मला बाहेर काढू. डावीकडे खांदा लावा. जोर नको, बोटभर आत दाबा. आता उजवी कडी वर करा."

कडी अशी सुटली, जणू ती इतका वेळ कोणीतरी नीट सांगायचीच वाट बघत होती. मी फाटक खाली ओढून धरलं, दादा गाडी मागे घेत उतरले आणि माझ्यासमोर येऊन थांबले.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या रविवारपासून. डावी तिसऱ्यात आणि उजवी चौथ्यात गेली ते दुसऱ्या रविवारी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी तारेवरून बोट फिरवलं. "कारखान्यात छत्तीस वर्षं मी फक्त सांगत होतो," ते म्हणाले. "लेकीच्या घरी राहायला आलो त्या दिवशी ठरवलं, इथे विचारल्याशिवाय सांगायचं नाही. जावयाच्या घरात सासरा फोरमन झाला की घराचा कारखाना होतो. आणि तुम्ही इतकं मनापासून करत होता, की मला वाटलं, होईलसुद्धा."

 इतके रविवार मी ज्या "हं"ला घाबरत होतो, तो हा होता. या माणसाने तोंडाशी आलेलं उत्तर सहा आठवडे दाबून धरलं होतं, केवळ मला कमीपणा वाटू नये म्हणून. आणि मी अख्ख्या गल्लीचा सल्ला घेतला होता, लिफ्टवाल्यांचासुद्धा.

"पाना कुठला आणू?" मी विचारलं.

दादा तीनचाकीवर सरळ झाले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाजही वेगळाच लागला. मोठा नव्हता, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा होता. सतरा नंबर, दोन. ग्रीसचा डबा. खडू. आणि तो कागद ट्रेलरखालून काढा, तो बरोबर लिहिलेला आहे.

मी जमिनीला गाल लावून कागद काढला.

मग सगळं पहिल्यापासून झालं. फाटक उभं असताना स्प्रिंग झोपलेली असते, नट फिरवायचा तो तेव्हाच, दादांनी समजावलं. ती ताणलेली असताना तिच्याशी वाद घालायला गेलात तर ती बोट घेऊन जाईल. तारांच्या दोन्ही कड्या खालच्या भोकात आणल्या. दोन्ही नट पूर्ण सोडून पुन्हा सारखे लावले, आणि बाहेर किती आटे दिसतात ते मी मोठ्याने मोजून दाखवले. बिजागऱ्यांना ग्रीस दिलं. त्या कोरड्या ठणठणीत होत्या, आणि छपन्न किलोंच्या वर निदान आठ किलो नुसता तोच हट्ट होता. मग अर्धा फेरा, फाटक खाली, फाटक वर, उभं करून पुन्हा अर्धा फेरा. खडूने दादा प्रत्येक फेऱ्याची खूण करत होते. खाली टेकलं की गप्प पडून राहिलं पाहिजे आणि बोलावलं की उठलं पाहिजे, असं त्यांचं फाटकाबद्दल म्हणणं होतं. दंतवैद्य वेल्डरला घेऊन परत आले तेव्हा आमचा सातवा फेरा चालू होता. दोघेही पायरीवर बसले. एकदा दंतवैद्यांनी तोंड उघडलं, पण दादांनी त्यांच्याकडे फक्त बघितलं आणि त्यांनी ते मिटलं. त्यांच्या धंद्यात हा अनुभव त्यांना पहिल्यांदाच आला असावा.

मी दहाव्या फेऱ्याला म्हणालो, आता एका हाताने उचलतंय, पुरे. दादा म्हणाले, एक हात म्हणजे काय काम झालं? आणखी एक. अकराव्या अर्ध्या फेऱ्यानंतर त्यांनी लेकीला बोलावलं. बायको आली, आधी पाठीला हात लावून जरा थबकली, मग वाकून फाटकाच्या कडेला दोन बोटं घातली. फाटक उठलं. घाई न करता, आपणहून निघाल्यासारखं, आणि जागेवर जाऊन टेकलं. तिने ते पुन्हा खाली केलं, पुन्हा उचललं. मग ती वडिलांकडे न बघता आत गेली आणि त्यांच्या टेबलावरच्या बोटीवरचा रुमाल घेऊन बाहेर आली. हा धुवायला टाकते, म्हणाली.

फेरतपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी एका बोटाने फाटक खाली केलं आणि दोन बोटांनी वर केलं. असं त्यांनी नऊ वेळा केलं. मी मोजत होतो. शेवटी त्यांनी शिक्का मारला आणि जाता जाता, कोणाला न दिसेल असं, दहाव्यांदा केलं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही तळ्यावर पोचलो तेव्हा सातही मंडळी काठावर बोटी मांडून बसली होती. मी तीनचाकी उतरवली, दादा गाडीतून उतरून तिच्यावर बसले. मी फाटक उचलायला वाकलो तसं ते म्हणाले, बाजूला व्हा. त्यांनी तीनचाकी वळवून फाटकाशी आणली आणि बसल्या जागेवरून काठीची मूठ कडेत अडकवली. हलकेच वर घेतली. फाटक उठलं आणि बंद झालं. कोणाचाही हात न लागता त्यांनी आपल्यामागे आपलं दार लावलं होतं. अकरावा अर्धा फेरा कशासाठी हवा होता, ते मला तेव्हा कळलं.

 काठावरचे सातही जण उठले आणि बोटी टाकून ट्रेलरपाशी आले. आयुष्यभर यंत्रं सुधारलेल्या माणसांना कौतुक फार वेळ झेपत नाही. एकाने विचारलं, नळ्या कठड्याच्या आतून का नाही घेतल्या. दुसरा म्हणाला, वॉशर चुकीचे आहेत. तिसऱ्याला बिजागरीच पसंत नव्हती.

"जावयांनी बसवलंय," दादा म्हणाले. "मी नुसता बसून होतो."

सातही चष्मे माझ्याकडे वळले. सगळ्यांत म्हातारे होते त्यांनी डोळा बारीक करून सांगितलं की उजवी बाजू केसभर वर आहे. मी दादांकडे बघितलं. दादा तळ्याकडे बघत होते. मी खाली बसलो, उजवा नट बघितला, डावा बघितला, योग्य तेवढा वेळ घेतला आणि म्हणालो, "असेल. पाव फेरा."

त्यावरून वाद पेटला. पाव की अर्धा. दोघांनी गाडीतून आपापले पाने आणले. एक जण ट्रेलरखाली शिरला, दुसऱ्याने त्याचे पाय धरले. दादा खडू मागत होते. मी आटे मोजत होतो, आणि कोणीतरी मला अहो साहेब म्हणत होतं. शर्यतीची वेळ झाली तेव्हा बायकोने दोनदा हाक मारली. मग तिने स्वतःच आठही बोटी चालू करून पाण्यात सोडल्या आणि काठाने पलीकडे चालत गेली.

पाव फेऱ्यावर एकमत व्हायला वीस मिनिटं लागली. आम्ही हात पुसत पलीकडच्या काठावर पोचलो तेव्हा आठही बोटी गवतात अडकून गप्प बसल्या होत्या. बायको दगडावर बसून आमची वाट बघत होती.

पहिली कोणाची आली, असं सगळ्यांनी एकदम विचारलं.

"दादांची," ती म्हणाली.

सगळ्यांत म्हाताऱ्या गृहस्थांनी घसा खाकरला. कितीच्या अंतराने आली, नक्की दिसलं का, मध्ये कोणाची बोट आडवी आली होती का, असं त्यांनी बराच वेळ खोदून विचारलं. तिने त्यांच्या कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं, मग बाकीच्यांच्या हातांकडे, मग माझ्या.

"तुम्ही सगळे कुठे होता तेव्हा?" तिने विचारलं.

निकाल तोच कायम राहिला.